खिशातला की गळ्यातला

हरिश्चंद्रगडावरून उतरताना गुडघे बोलत होते, पण मन अडकलं होतं मित्राच्या गळ्यातल्या निकॉन डी-४०मध्ये. २००६ साली आलेला, ६ मेगापिक्सेलचा, डीएसएलआरच्या पहिल्या पायरीवरचा कॅमेरा. कोकणकड्यावर खालून ढग येत होते आणि कॅमेऱ्याच्या पोटातला आरसा खट्‌कन उचलला जात होता. तो आवाज अजून कानात आहे.

परवा फोर्टातल्या बोरा बाजारात छोटा कॅमेरा आणि डीएसएलआर, दोन्ही प्रकार हातात घेऊन पाहिले. एक शर्टाच्या खिशात मावणारा. दुसऱ्याला वेगळी पिशवी हवी, लेन्सचं टोपण सांभाळायला हवं, पावसात प्लास्टिक गुंडाळायला हवं. डीएसएलआरचा सेन्सर क्षेत्रफळाने दहापटीहून मोठा, त्यामुळे गाभाऱ्यातल्या अंधुक उजेडातही फोटो फारसा दाणेदार होत नाही. हिशेब सरळ आहे, तरी मन ठरेना.

कारण आई. मोठा कॅमेरा समोर आला की ती पदर सावरते, केसांवरून हात फिरवते, आणि मला जी हवी असते ती आई तिथून निघून जाते. छोट्याला ती मोजतच नाही. मेथी निवडता निवडता बोलत राहते. पण छोट्याचं बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत जो पाव-अर्ध्या सेकंदाचा उशीर होतो, तेवढ्यात तिचं हसू ओसरतं. फ्लॅशबद्दल तर बोलायलाच नको.

दुकानात सगळे मेगापिक्सेल विचारत होते. कॅमेरा कपाटातून बाहेर निघेल का, हे कुणी विचारत नव्हतं.

सध्या छोटाच घेतोय. डीएसएलआरचं दिवाळीच्या बोनसनंतर बघू.