दुकानात सुरू, घरी बंद!

बिघडलेली वस्तू दुरुस्तीला न्यावी आणि दुकानात पोहोचताच तिनं शहाण्यासारखं वागावं, असं तुमच्याही घरी झालंय ना? आमच्या संगणकानं अगदी हेच केलं.

माझे बाबा लाकडी नेमप्लेट बनवतात. पंचवीस वर्षं त्यांनी पटाशीनं अक्षरं कोरली. हात थरथरू लागला तेव्हा कर्ज काढून छोटं सीएनसी मशीन घेतलं. संगणकावर नाव लिहायचं, की मशीन ते लाकडात कोरतं. दोघांच्या मध्ये असतो कंट्रोलर बोर्ड. तो यूएसबी केबलनं संगणकाला जोडलेला असतो.

त्या आठवड्यात चाळीस नेमप्लेटची ऑर्डर होती आणि मी सुट्टीवर घरी आले होते. सकाळी बटण दाबलं, पंखा फिरला, कंपनीचं चिन्ह दिसलं आणि पुढे नुसता काळा पडदा. बाबांनी संगणक स्कूटरवरून दुकानात नेला. तिथे तो लगेच सुरू! घरी आणला, पुन्हा बंद. दुसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, ‘‘काका, तुम्हीच काहीतरी चुकीचं करताय.’’

रात्री जेवताना बाबा हळूच म्हणाले, ‘‘हे आपलं काम नाही गं. मशीन विकून टाकू.’’

ते ऐकून मला झोप लागेना. मी इंग्रजीची पदवीधर, संगणक उघडून कधी पाहिलेला नाही. पण एक प्रश्न सुचला. घरी आहे आणि दुकानात नव्हतं, असं काय? उत्तर सोपं होतं, मशीनची केबल! सकाळी ती काढून बटण दाबलं आणि संगणक सुरू झाला.

कारण नंतर कळलं. आमच्या बोर्डावर मेमरी कार्ड आहे, ते संगणकाला पेन ड्राइव्हसारखं दिसतं. आठवड्यापूर्वी संगणकातला छोटा सेल बदलला होता, त्यामुळे सेटिंग मूळपदावर गेली होती. संगणक विंडोज आधी यूएसबीवर शोधत होता आणि तिथेच अडकत होता.

तुमच्याकडेही असं झालं तर आधी कीबोर्ड आणि माऊस सोडून सगळ्या यूएसबी केबल काढा. संगणक सुरू झाला, तर एकेक केबल जोडून प्रत्येक वेळी तो पुन्हा सुरू करून बघा. दोषी सापडेल. मग सुरू होतानाच डिलीट किंवा एफ 2 दाबून बायोस उघडा (काही संगणकांत बटण वेगळं असतं) आणि ‘बूट ऑर्डर’मध्ये विंडोज असलेली हार्ड डिस्क सर्वांत वर आणा.

तरीही अडलं तर मशीनचा वीजपुरवठा बंद ठेवून आधी संगणक सुरू करा, मशीन नंतर. काही बोर्ड स्वतःची वीज यूएसबीतून उलट संगणकाकडे पाठवतात, त्यानंही संगणक सुरू व्हायला अडखळतो.

आमची ऑर्डर एक दिवस उशिरा का होईना, पूर्ण झाली. मशीन विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या दिवशी बाबांनी उरलेल्या फळीवर एक पाटी कोरली आणि संगणकाच्या वर लावली. त्यावर लिहिलंय, ‘आधी केबल बघा, मग स्वतःला दोष द्या.’