मालकाचे नाव

गाडीच्या आरसी बुकात रंग, चासी नंबर, सीटांची संख्या असे पुष्कळ काही लिहिलेले असते. आमच्या मिनीबसच्या बाबतीत मात्र सगळा प्रश्न एकाच रकान्यापाशी येऊन थांबला. तो रकाना म्हणजे मालकाचे नाव. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मालकाची व्याख्या थोडक्यात उरकली आहे. अज्ञान मुलाची गाडी, कर्जाची गाडी असे एक-दोन अपवाद सोडले, तर ज्याच्या नावावर नोंद तो मालक. पैसे कुणी दिले, गाडी कुणासाठी घेतली, हे कायदा विचारत नाही.

आम्ही म्हणजे एका उर्दू हायस्कूलातले पाच शिक्षक. गावाचे नाव सांगत नाही. कोकणात खाडीकाठच्या कुठल्याही मुसलमान वस्तीत ही हकिकत घडू शकते. आमच्या हायस्कूलच्या आसपास तीन गावांत जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा आहेत, सातवीपर्यंत. सर्वांत लांबचे गाव अकरा किलोमीटरवर. सकाळची एसटी साडेसहाला, त्यानंतरची थेट अकराला, आणि परतीची मगरीबनंतर. मुलगे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून येतात. मुलींना तसे कोण पाठवणार? एका वर्षी त्या गावात सातवीच्या पटावर चौदा मुली होत्या. त्यांतल्या तीनच आमच्याकडे आठवीत आल्या. बाकीच्यांच्या घरी आम्ही जाऊन आलो. शिक्षणाला नाही म्हणणारा बाप एकही भेटला नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "सर, आणायची कशी आणि पोचवायची कशी?" मुसलमान मुलींच्या शिक्षणावर परिसंवाद पुष्कळ होतात. त्यांत एसटीच्या वेळापत्रकाचा विषय निघालेला आम्ही अजून ऐकलेला नाही.

मग २०१८ साली त्या गावाने मिनीबस घेतली. पैसे कुवेत, बहारीन आणि दुबईहून आले, काही जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत जमले. कुणी पाचशे दिले, कुणी पंचवीस हजार. पुण्याच्या एका कंपनीने कामगारांसाठी वापरलेली सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर मिळाली, २०१४ चे मॉडेल, एमएच १२ पासिंग. आता नाव कुणाचे लावायचे? जमातीची कुठे नोंदणी नव्हती. हायस्कूल चालवणारी संस्था नोंदलेली होती, पण तिच्या मंडळाला गाडीचा खर्च अंगावर घ्यायचा नव्हता. गावातले एक चाचा तीस वर्षे जहाजावर काढून आलेले, मशिदीचा हिशेब त्यांच्याकडे, एका पैशाचा घोळ नाही. सर्वांनी त्यांचेच नाव सुचवले. चाचांची आंब्याची कलमे होती. एजंटने तोच धंदा दाखवून गाडी 'खासगी सेवा वाहन' म्हणून त्यांच्या नावावर केली. वहीच्या पहिल्या पानावर चाचांनी उर्दूत लिहून ठेवले, की ही गाडी गावाची अमानत आहे.

गाडीचे कागद म्हणजे काय, हे आम्हाला तेव्हा कळले, कारण उर्दू वस्तीत मराठी फॉर्म भरायचा झाला की तो शिक्षकाकडे येतो. फॉर्म २९, फॉर्म ३०, आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५. चासी नंबरचा ठसा घ्यायला एजंट गाडीखाली शिरला. नंबरावर कागद धरून त्याने वरून पेन्सिल घासली आणि आकडे उमटले. आमचे विद्यार्थी नाण्यावर कागद ठेवून हेच करतात आणि आम्ही त्यांना रागावतो.

खासगी सेवा वाहन म्हणजे मालकाने आपल्या धंद्याची माणसे नेण्यासाठी वापरायची गाडी. भाडे घेऊन चालवायची नाही. गावात मात्र प्रत्येक घर डिझेलसाठी महिन्याला तीनशे रुपये देत होते. गावाच्या दृष्टीने ती वर्गणी होती. कायद्याच्या दृष्टीने ते भाडे. एकदा नाक्यावर मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी थांबवली. आत दप्तरे घेतलेल्या सोळा मुली. त्यांनी ड्रायव्हरला एवढेच विचारले, "पैसे घेता का?" ड्रायव्हर गप्प. साहेब भले होते. आम्हाला बोलावून म्हणाले, "सर, गाडी शाळेच्या नावावर करा. संस्था नोंदलेली असेल आणि गाडी फक्त शाळेसाठीच चालत असेल, तर परमिटचीही भानगड नाही. कलम ६६ वाचा." आम्ही वाचले. ते तसेच होते. संस्थेच्या मंडळाला पटवायला आम्हाला दोन वर्षे लागली. त्यातच कोविड आला, गाडी दीड वर्ष मशिदीच्या आवारात उभी राहिली, बॅटरी गेली, टायर गेले. मंडळाचा होकार आला आणि २०२३ च्या जानेवारीत चाचांचा इंतकाल झाला.

मरहूमांच्या मागे चाची, दोन मुलगे आणि तीन मुली. मालक वारला की तीस दिवसांच्या आत कार्यालयाला कळवायचे. तसे कळवले, तर तीन महिने गाडी वापरता येते आणि तेवढ्या मुदतीत वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ भरायचा. एकोणिसाव्या दिवशी आम्ही पत्र दिले. पण वारस कोण? शरियतच्या हिशेबाने चाचीचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाचे दोन वाटे, मुलीचा एक. म्हणजे गाडीचे बरोबर आठ भाग: चाचीचा एक, तीन मुलींचे तीन, मुलग्यांचे दोन-दोन. सतरा सीटांना आठाने भागले तर चाचीच्या वाट्याला दोन सीटा आणि वर थोडा पत्रा येतो. मौलानासाहेबांनी हा हिशेब ऐकूनच घेतला नाही. ते म्हणाले, अमानतीला वारस नसतात. ज्याचे नव्हते ते त्याच्या मागे वाटले जात नाही. त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते, पण आरसी बुक उर्दूतली वही वाचत नाही.

थोरला मुलगा कुवेतला. त्याचे म्हणणे, अब्बांनी गाडीत आपले चाळीस हजार घातले होते. वहीत तशी नोंद होतीच. गाव त्याच्यावर चिडले, आम्हाला चिडता आले नाही. बापाच्या नावावरची वस्तू, बापाचा पैसा, आणि सही मात्र फुकट द्यायची! कुणीही क्षणभर थांबला असता. धाकटी मुलगी वेगळेच बोलली. ती आमचीच जुनी विद्यार्थिनी. तिने विचारले, "सर, उद्या गाडीने कुणाला उडवले तर नोटीस कुणाच्या नावाने येणार?" तिच्याइतका नेमका प्रश्न एकाही पुरुषाने विचारला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितले आहे, की गाडी पुढे कितीही हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईला जबाबदार तोच, ज्याचे नाव नोंदीत आहे. नोटीस तिच्या अम्मीच्या नावाने येणार होती. आम्ही तसे सरळ सांगितले. विम्याची पॉलिसीही मरहूमांच्या नावावर होती. नवे नाव लागेल तशी तीही बदलून घ्यायची होती.

कायद्याची मुदत तीन महिने आणि चाचीची इद्दत चार महिने दहा दिवस. प्रतिज्ञापत्रासाठी तालुक्याला जायचे, तर इद्दतीत बाहेर पडावे कसे? मौलानासाहेबांनी सांगितले, गरजेच्या कामाला दिवसा जाऊन दिवसाच परतता येते. एप्रिलच्या उन्हात चाची निघाल्या त्या त्याच गाडीतून, मधल्या सीटवर, सोबत धाकटी. वाटेत आम्ही भीत भीत म्हटले, की वाटले तर वाद मिटेपर्यंत गाडी उभी ठेवू. त्या म्हणाल्या, "गाडी उभी राहिली तर पोरी घरी बसतील. एकदा बसलेल्या पोरीला परत उठवायला कुणी येत नाही, सर." चाची स्वतः चौथी शिकलेल्या. सही उर्दूत, सावकाश, उजवीकडून डावीकडे. नोटरीने मुकाट्याने शिक्का मारला.

नंतरची कामे नावांनी अडवली. मृत्यूच्या दाखल्यावर अब्दुल रहिमान, आधारवर अब्दुलरहेमान, आरसीवर अ. रहमान. आपल्या समाजात हे दुखणे घरोघर आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ऐकले तसे लिहिले, पुढे प्रत्येकाने आपापल्या परीने. हे तिन्ही इसम एकच, असे आणखी एक प्रतिज्ञापत्र झाले. ऑनलाइन अर्ज करताना ओटीपी गेला तो मरहूमांच्या मोबाईलवर. तो चाचींच्या उशापाशी चार्जिंगला होता. चाचा गेल्यानंतरही त्या तो रोज चार्ज करीत. थोरल्याची ना-हरकत कुवेतच्या भारतीय वकिलातीचा शिक्का घेऊन आली. त्याच पाकिटात चिठ्ठी होती: चाळीस हजारांचे काय ते मी आल्यावर बोलू.

गाडी आधी चाचींच्या नावावर झाली. तेव्हा, सात-आठ आठवडे का होईना, गावातल्या एकुलत्या एका बसची मालकीण बाई होती आणि कुणाचे काही बिघडले नाही. मग फॉर्म २९ आणि ३० पुन्हा, संस्थेचा ठराव, संस्थेचे पॅन कार्ड. महाराष्ट्रात स्कूल बसचे नियम २०११ चे आहेत. पिवळा रंग, पुढे-मागे 'स्कूल बस' ही अक्षरे, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवण्याचे नळकांडे, वेगावर बंधन घालणारे यंत्र, मुलींसाठी महिला मदतनीस. खर्च बराच आला. पांढऱ्या गाडीला पिवळा रंग देताना पेंटरने दरवाजावरचे 'अमानत' हे उर्दू अक्षर पुसले, याची काही बुजुर्गांना खंत वाटली. आम्हाला वाटली नाही. ते अक्षर पाच वर्षे दरवाजावर असूनही आम्हाला सहा जणांच्या सह्या गोळा कराव्या लागल्या होत्या.

मदतनीस म्हणून गावातली एक तलाकशुदा तरुणी लागली. तिचे शिक्षण सातवीपर्यंत, ज्या वर्षी चौदांतल्या तीन आल्या, त्या वर्षीच्या राहिलेल्या अकरांपैकी ती एक. आता तीच रोज सकाळी मुलींची नावे पुकारते. यादी उर्दूत असते. मधल्या सुट्टीत ती आठवीच्या पुस्तकात डोकावते, हे आम्ही पाहिले आहे. सतरा नंबरच्या फॉर्मविषयी, म्हणजे बाहेरून दहावीला बसण्याविषयी, तिने अजून काही विचारलेले नाही. फॉर्म आणून ठेवला आहे.

नवे कार्ड टपालाने आले. मालकाच्या जागी संस्थेचे नाव, आणि खाली वडिलांचे किंवा पतीचे नाव लिहायच्या जागी नुसती रेघ. थोरला गेल्या रमजानला आला होता. चाळीस हजारांचा विषय त्याने काढला नाही, आम्हीही काढला नाही. वहीतली नोंद तशीच आहे. गाडी आठ वर्षांवरची, त्यामुळे फिटनेस दरवर्षी. या खेपेला मागचे दोन टायर पास होणार नाहीत असे ड्रायव्हर सांगतो. बहारीनला फोन केला आहे.