अम्मीच्या डब्यातली अठ्ठेचाळीस बटणं

आमची अम्मी लग्न होऊन वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला आली, ती 1967 साली. त्याच वर्षी 11 डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. रमजानचे दिवस होते. अम्मी सहरीसाठी चुलीपाशी बसली होती. भांडी खडखडली तशी तिने आधी चुलीवर पाणी ओतले, मग सासू-सासऱ्यांना हाताला धरून अंगणात नेले. अठरा वर्षांच्या सुनेचे हे भान दादी सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

पाचगणी म्हणजे बोर्डिंग शाळांचे गाव. अब्बांची कमाई बेताची, म्हणून अम्मीने शिलाई मशीन घेतले. बोर्डिंगच्या मुलांच्या स्वेटरांना रफू करणे, पँटी लांब करणे, तुटलेली बटणे लावणे ही तिची कामे. पावसाळ्यात धुके घरात शिरायचे. भिंतींना बाहेरून गवताचे झाप बांधलेले असायचे आणि शेगडीवर टोपली पालथी घालून अम्मी कपडे वाळवायची. त्या उबेला बसून आम्ही चौघा भावंडांनी उर्दू कायदा आणि मराठी बाराखडी, दोन्ही पाठ केली. अम्मीला मराठी वाचता येत नव्हते. आमच्याबरोबर तीही शिकली आणि पुढे नातवंडांचा गृहपाठ तपासू लागली.

अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा घरावर आमच्या सगळ्यांचा हक्क आला. हॉटेले वाढल्यापासून इथल्या जागेला भाव आलेला. नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, “बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घ्या. सगळेच घेतात. मुलींच्या लग्नात खर्च झालाच की.”

अम्मी तेव्हा इद्दतमध्ये होती. तिने आधी एवढेच विचारले, “तुमच्या अब्बांचं कुणाचं देणं राहिलंय का?” वाण्याची उधारी निघाली, ती पहिल्यांदा फेडली. वसीयत नव्हती. मग तिने बटणांचा डबा मागवला आणि अठ्ठेचाळीस बटणे मोजून चटईवर ठेवली.

सूरह निसामधली वारसाची वाटणी तिला पाठ होती. दादा-दादी आधीच अल्लाहला प्यारे झाले होते. मुले असल्यामुळे बेवेचा आठवा हिस्सा, म्हणून सहा बटणे तिने स्वतःपुढे घेतली. उरलेल्या बेचाळिसातली चौदा-चौदा भावांपुढे, सात-सात बहिणींपुढे सरकवली. म्हणाली, “हा हिशेब माझा नाही, अल्लाहचा आहे. उद्या एखादी आपल्या खुशीने सोडेल तर ती जाणे. पण आधी तिच्या हातात पडू दे. लाजेने सोडवून घेतलेला हक्क हलाल होत नाही.”

धाकट्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले. माहेर तुटेल या भीतीने ती सही करायला तयार होऊन आली होती.

घर तोडून वाटता येणार नव्हते. जागेची किंमत काढून भावांनी बहिणींचे पैसे पगारातून हप्त्याहप्त्याने दिले. पाच वर्षे ओढाताण झाली, ईदला नवे कपडे मुलांनाच शिवले. पण त्या पाच वर्षांत एकाही ईदला बहिणींची पावले या घराकडे वळायची थांबली नाहीत.

गेल्या हिवाळ्यात फजरच्या नमाजनंतर तस्बीह हातात असतानाच अम्मी गेली. मय्यतला मोहल्ला तर होताच. पण बाजारातले दुकानदार, शेजारच्या मावश्या, बोर्डिंगमधले जुने शिपाईदादा, सगळे आले.

आपल्या घरांत नमाज-रोजाची ताकीद मुलांना लहानपणापासून मिळते. वारसाच्या वाटणीचा विषय मात्र निघतो तो मय्यतनंतर, तोही दबक्या आवाजात. आयांनी तो आपल्या हयातीतच, सगळ्या मुलांसमोर बोलावा, असे आम्हा चौघांना मनापासून वाटते.

चाळिसाव्यानंतर आम्ही अम्मीच्या सहा बटणांची वाटणी केली. भावांना दोन-दोन, बहिणींना एक-एक. या वेळी कुणी सल्ला द्यायला आले नाही.

अल्लाह तिची मगफिरत फरमावो. आमीन.