वाईच्या शाळेतली रुई

वाईला जाणाऱ्या मंडळींचा बेत ठरलेला असतो. ढोल्या गणपती, कृष्णेचा घाट आणि वेळ उरला तर मेणवलीचा वाडा. या नवरात्रात मात्र नणंदबाईंनी मला त्यांच्या धाकटीच्या शाळेत नेलं. शाळा साधीच, पण मागे मुलांनी केलेल्या बागेत आमचा तासभर कसा गेला कळलं नाही.

बाग म्हणजे गुलाब-मोगरा नव्हे हं! झेंडू, तुळस, कढीलिंब, पानफुटी, कुंपणावर भोपळ्याचा वेल आणि चक्क रुई! मारुतीच्या हारातली रुई इथं कशाला? भाची म्हणाली, "मामी, फुलपाखरं मध कुठल्याही फुलातला पितात, पण अंडी ठरावीक झाडावरच घालतात." तिनं रुईच्या पानाखालची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दाखवली. कढीलिंबावर तर पक्ष्याची शीट पडलीय असं वाटलं, तीही अळीच! या सोंगामुळे पक्षी तिला खात नाहीत.

याच कढीलिंबावरून पालकसभेत वाद झाला म्हणे. पानं कुरतडलेली, त्यात मधमाश्या. मुलांना चावल्या तर? औषध फवारा, असं बऱ्याच आयांचं म्हणणं पडलं. आईचा जीव, तेही खरंच.

मुलांनी मग भोपळ्याच्या काही मादी कळ्यांना आदल्या संध्याकाळी मलमलीच्या पिशव्या बांधल्या. मादी फूल ओळखायला सोपं, मागे इवलासा भोपळा असतो. फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं. त्याचे पराग जड, चिकट. वाऱ्यानं उडत नाहीत, माश्यांनीच न्यावे लागतात. पिशवीतले भोपळे पिवळे पडून गळाले. उघड्या फुलांचे बरेच धरले. पुढच्या सभेत मुलांनी दोन्ही मांडून ठेवले. फवारणी टळली! एक बाई अजून मुलाला तिकडे फिरकू देत नाहीत, ते वेगळं.

खरं तर वाईकरांना मधमाशीचं नवल नसावं. घाट चढून गेलं की महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर, २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालेलं.

आपल्या गॅलरीतही एवढं जमेल. तुळशीच्या सगळ्याच मंजिऱ्या खुडू नका. मधमाश्यांसाठी बशीत खडे घालून थोडं पाणी ठेवा, खड्यांवर बसून पितात, बुडत नाहीत. भोपळा धरत नसेल तर सकाळीच नर फूल तोडून मादी फुलात हलकेच फिरवा. मी येताना पानफुटीची दोन पानं मागून आणली. ओल्या मातीवर नुसती ठेवलीत. कडेनं रोपं डोकावू लागली आहेत.