मिथ्रिलच्या वाटेने

२५ डिसेंबर
‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टात टॉल्किनने कथेतल्या घटनांची तारीखवार नोंद दिली आहे. यंदा त्या तारखांच्या मागे मागे वाचायचं ठरवलंय. आज संध्याकाळी अंगठी नष्ट करायला नऊ जण रिव्हेंडेलहून निघतात. त्याआधी म्हातारा हॉबिट बिल्बो अंगठी वाहणाऱ्या फ्रोडोला एकट्याला गाठतो आणि जुन्या फडक्यांत गुंडाळलेलं छोटंसं चिलखत उलगडून दाखवतो. बारीक कड्यांची दाट वीण, हाताला गारेगार, कापडासारखी लवचिक, वर पांढरी रत्नं. कपड्यांच्या आत घाल म्हणतो. ‘द हॉबिट’मध्ये थॉरिनने ते बिल्बोला दिलं, तेव्हा म्हणजे १९३७ साली, ते नुसतं चंदेरी पोलादाचं होतं, त्या पुस्तकात मिथ्रिल हे नाव १९६६च्या सुधारित आवृत्तीत आलं.

१३ जानेवारी
मोरिया या ड्वार्फांच्या जुन्या खाणीचं पश्चिमद्वार. समोर गुळगुळीत कडा, दाराचा मागमूस नाही. जादूगार गॅन्डाल्फ दगडावरून हात फिरवतो, चांदणं पडतं आणि रेघा उमटू लागतात: कमान, हातोडा नि ऐरण, दोन झाडं, एक तारा. मिथ्रिलपासून केलेलं इथिल्दिन हे फक्त चंद्रताऱ्यांच्या उजेडात दिसतं. दार घडवलं ड्वार्फ नार्वीने, त्यावरच्या खुणा काढल्या एल्फ केलेब्रिंबोरने. एरवी एकमेकांवर विश्वास न टाकणाऱ्या या दोन जमाती मिथ्रिलपायी शेजारी आल्या आणि त्यांचं मैत्र जुळलं. मला ते दार फार आवडतं.

१४ जानेवारी
संक्रांत. हळदीकुंकवासाठी चांदीची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी काढली. गेल्या वर्षी लख्ख करून ठेवलेली, तरी काळी पडलेली. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी चांदीवर सल्फाइडचा थर धरतो. रांगोळीने घासलं तर पोट उजळलं, पण मानेच्या नक्षीतलं काळं काही निघेना.

रात्री मोरियात, एकविसाव्या दालनात, गॅन्डाल्फ मिथ्रिलचं वर्णन करतो. तांब्यासारखं ठोकता येतं, काचेसारखी झिलई घेतं. ड्वार्फ त्यातून हलका तरी पाणी दिलेल्या पोलादाहून कठीण धातू बनवत. रूप चांदीचं, पण कधी काळवंडत नाही. एके काळी सोन्याच्या दहापट मोल, आता मोल करताच येत नाही. जादू म्हणावी तर एवढीच. टॉल्किनने सगळं भयंकर सामर्थ्य ठेवलं ते एका साध्या सोन्याच्या अंगठीत. ती अंगठी धारकालाच वापरते, त्याला पोखरते. या दुर्मीळ धातूला मात्र त्याने स्वतःची इच्छा दिली नाही. माझ्या मते कादंबरीतला हा सर्वांत विचारपूर्वक केलेला निर्णय आहे.

हाव होती ती खणणाऱ्यांची. धातूची शीर उत्तरेला, काराध्रासच्या पोटात गेलेली. तिच्यामागे खोल खोल जाताना तिसऱ्या युगाच्या १९८० साली ड्वार्फांनी बालरॉग या अग्निराक्षसाला जागं केलं आणि मोरिया उजाड झालं. गॅन्डाल्फ पुढे सहज सांगतो की बिल्बोच्या चिलखताची किंमत हॉबिटांच्या अख्ख्या शायरहून जास्त होती. फ्रोडो गप्प. अंगरख्याखालच्या कड्या हळूच चाचपतो.

१५ जानेवारी
मोरियातच, माझारबुलच्या दालनात ऑर्कच्या सरदाराचा भाला फ्रोडोला भिंतीशी खिळवतो. सगळे त्याला मेलेला समजतात. पुलावर बालरॉगशी लढताना गॅन्डाल्फ दरीत कोसळल्यावर, सोबतचा अरागॉर्न फ्रोडोचे कपडे उतरवून जखम बघतो तेव्हा उजव्या कुशीवर काळानिळा वण दिसतो. एका जागी तर कड्या आतल्या मऊ चामड्यातून थेट मांसात रुतलेल्या. चिलखताने जीव वाचवला, दुखणं मात्र टळलं नाही. १९१६ साली सोमच्या खंदकांत लढलेल्या माणसाने हे लिहिलंय, हे वाचताना डोक्यातून जात नाही.

१४ फेब्रुवारी
एल्फांची राणी गॅलाड्रिएल हिचा आरसा. तिच्या बोटातली नेन्या ही अंगठी मिथ्रिलची. तिचं सामर्थ्यही जपण्याचं, राखण्याचं. ती बोटात असताना गॅलाड्रिएल फ्रोडोने देऊ केलेल्या सोन्याच्या अंगठीला नकार देते.

१४ मार्च
आजचं पान मी दोनदा वाचलं. फ्रोडो किरिथ उंगोलच्या बुरुजात कैद, चिलखत काढून घेतलेलं. शाग्रात आणि गोरबाग हे ऑर्कचे नायक त्यावरून भांडतात, दोघांचे ऑर्क एकमेकांना कापून काढतात आणि फ्रोडोचा सोबती सॅम एकटाच जवळजवळ रिकाम्या बुरुजात शिरतो. अंगावर नसतानाही चिलखत फ्रोडोच्या कामी आलं. या वेळी शत्रूच्या लोभातून. इतकी चोख गुंफण मी क्वचितच वाचली आहे.

२५ मार्च
काळ्या दरवाज्यापुढे अंगठीचा मूळ मालक सॉरॉन याचा दूत तेच चिलखत फडकवून शरणागती मागतो. मृत्यूतून परतलेला गॅन्डाल्फ ते हिसकावून घेतो, अटी धुडकावतो.

पुढचा प्रसंग नोव्हेंबरचा, पण तोवर धीर धरवेना, तोही वाचून काढला. शायरमध्ये पतित जादूगार सारुमान फ्रोडोला भोसकायला जातो, सुरा आतल्या चिलखतावर आपटून मोडतो आणि फ्रोडो त्याला मारू देत नाही. मग परिशिष्टात एक ओळ भेटते: नऊ जणांतल्या ड्वार्फ गिम्लीच्या लोकांनी मिनास तिरिथ शहराची मोडलेली दारं मिथ्रिल आणि पोलादाची नवी घडवली. एका हॉबिटच्या छातीवरचा धातू अख्ख्या शहराच्या वेशीला लागला, आणि त्याला ओळ मिळाली एक. मला त्यावर पुरं प्रकरण हवं होतं.