मुक्या साक्षीदाराची साक्ष

धर्मगुरूच्या वाट्याला येणाऱ्या प्रश्नांपैकी एक प्रश्न फार जुना आहे. घरातले माणूस जाते, अंत्यविधी उरकतो, पाहुणे आपापल्या गावी परततात. मग एखाद्या सायंकाळी मागे राहिलेली पत्नी किंवा मुलगी चर्चच्या आवारात येते आणि हलक्या आवाजात विचारते, "फादर, शेवटी त्यांना फार त्रास झाला असेल का हो?" आम्ही पंचवीसहून अधिक वर्षे ह्या प्रश्नाला उत्तर देत आलो. "नाही हो, ते शांतपणे गेले," असे आम्ही म्हणायचे आणि समोरच्याने डोळे पुसायचे, हा जणू शिरस्ताच पडून गेला होता. हे उत्तर आम्ही किती सहजपणे देत होतो, हे आमच्या ध्यानी आले ते मात्र दूरदेशी एका म्हाताऱ्या घोड्यासमोर उभे असताना. त्या कुटुंबाच्या अनुमतीने, नावे गाळून, ती हकिगत येथे सांगत आहोत.

२०२३ सालच्या उन्हाळ्यात दोन महिन्यांसाठी आम्हांस अमेरिकेतील केंटकी राज्यात जावे लागले. तेथील एका धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू रजेवर गेले होते आणि त्यांच्या जागी मिस्सा, लग्ने, मृतसंस्कार सांभाळायला कोणीतरी हवे होते. लेक्सिंग्टन शहराभोवतीचा तो सारा मुलूख घोड्यांचा. जमिनीखाली चुनखडीचा खडक आहे, त्यातला चुना पाण्यात नि गवतात उतरतो, म्हणून इथल्या शिंगरांची हाडे बळकट होतात, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. मैलोगणती फळ्यांची कुंपणे आणि त्यांच्या आत चरणारे घोडे. १९७८ साली तेथे घोड्यांसाठी एक भव्य उद्यान उघडण्यात आले. शर्यतीचा विख्यात घोडा 'मॅन ओ' वॉर' तेथेच पुरलेला आहे आणि त्याच्या पुतळ्यापुढे माणसे टोपी काढून उभी राहतात.

आमचे कुटुंब मात्र शर्यतवाल्या धनिकांपैकी नव्हते. थोडीशी जमीन, लाकडी तबेला आणि तीन घोडे. त्यांतला सर्वांत वयस्क म्हणजे मेजर. तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला, बावीस वर्षांचा. आदल्या ऑक्टोबरमध्ये घरचे यजमान सायंकाळी कुरणात गेले ते परतलेच नाहीत. दीड तासाने पत्नी शोधायला गेली तेव्हा ते पाण्याच्या टाकीजवळ पडलेले आढळले. हृदयविकाराचा झटका आला होता. "बहुधा क्षणात गेले असतील," असे डॉक्टर म्हणाले. त्या 'बहुधा'ने बाईंची झोप हिरावून घेतली. त्या दीड तासात त्या घरात दूरदर्शनसमोर बसल्या होत्या. पतीने आपल्याला हाक मारली असेल आणि आपल्याला ऐकू आली नसेल, ह्या विचाराचा काटा नऊ महिने त्यांच्या मनात सलत होता.

तेव्हापासून मेजरही खंगत चालला होता. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. शहरात राहणाऱ्या मुलाचे म्हणणे, घोडे विकून टाकावेत. २००७ सालापासून अमेरिकेत घोड्यांचे कत्तलखाने चालत नाहीत. पण लिलावात विकलेला म्हातारा घोडा सीमेपलीकडे, कॅनडात किंवा मेक्सिकोत, कत्तलीसाठी जाऊ शकतो हे मायलेक दोघेही जाणून होते. ह्यावरून दोघांत बोलणे जवळजवळ बंद झाले होते.

अशा वेळी कोणीतरी बाईंना एका पशुसंवादक स्त्रीचे नाव सुचवले. तिकडे अशांना 'ॲनिमल कम्युनिकेटर' म्हणतात. जनावराच्या मनातले आपल्याला कळते असा त्यांचा दावा असतो. काहीजण तर नुसत्या छायाचित्रावरून, दूरध्वनीवरही कुत्र्या-मांजरांचे मनोगत सांगतात. "फादर, तुम्हीही या," बाई म्हणाल्या. "त्यांना जाताना पाहिलं ते फक्त मेजरनं. मला एकच विचारायचं आहे."

आम्ही पेचात पडलो. मृतांकडून गुपिते काढणे, गूढ शक्तीने लपलेले जाणून घेणे, हे सारे ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने निषिद्ध मानले आहे. सेमिनरीत शिकलेले ते सारे आम्हांस मुखोद्गत होते. पण नऊ महिने न झोपलेल्या विधवेपुढे ग्रंथाचे पान उघडून धरावे, हे मनाला पटेना. "आम्ही येऊ, पण प्रार्थना म्हणायला नव्हे, तुमच्या सोबतीला म्हणून," असे सांगून आम्ही गेलो.

ती स्त्री पन्नाशीची, साधी, मृदू बोलणारी होती. भोंदूपणाचा कोणताही थाट नव्हता. तासाचे दीडशे डॉलर तिने आधीच सांगितले होते. तिने आधी दोन लहान घोड्यांना हात लावून काहीबाही सांगितले. एकाला नवी जागा आवडत नाही, दुसरीला विजांची भीती वाटते. मग ती मेजरच्या मानेवर तळवा ठेवून मिटल्या डोळ्यांनी बराच वेळ उभी राहिली.

"ह्याच्या मनावर ओझं आहे," ती म्हणाली. "दुःखानं त्याचा घास घशाखाली उतरत नाही."

बाईंनी मान हलवली.

"तो मला एक माणूस दाखवतोय. तो खाली पडतो. लगेच. वेदना नाही. घोडा म्हणतो, ते घाबरले नव्हते."

बाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मुलगा कुंपणाला टेकून उभा होता, त्याने मान फिरवली. मग ती स्त्री पुढे म्हणाली, "तो मला खोगीर दाखवतोय. नुकतंच उतरवलेलं." त्यासरशी बाईंचा चेहरा बदलला. गुडघ्याच्या दुखण्यामुळे यजमान कित्येक वर्षांत घोड्यावर बसले नव्हते; खोगीरही विकून टाकले होते. एक शब्दही कोणी उच्चारला नाही. पण ती स्त्री त्याच क्षणी म्हणाली, "ही जुनी आठवण आहे. चांगल्या दिवसांची." आम्ही पाहिले, तिचे डोळे आता अर्धवट उघडे होते आणि घोड्याकडे नव्हे, बाईंच्या मुद्रेकडे लागलेले होते. मुलगा पाय आपटत तबेल्याच्या मागे निघून गेला.

वाचकहो, आम्हांस त्या वेळी बर्लिनचा हान्स आठवला. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त गणितशिक्षकाने आपल्या घोड्याला बेरीज-वजाबाकी शिकवल्याचा बोलबाला साऱ्या जर्मनीत झाला होता. उत्तर जितके, तितक्या वेळा हान्स खूर आपटी. १९०४ साली जाणत्या मंडळींच्या समितीने तपासणी केली. लबाडी काही सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट ह्या संशोधकाने चिकाटीने शोध घेतला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुके. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याच्या नकळत त्याचे डोके किंचित वर उचलले जाई आणि हान्स तेवढ्यावरून थांबे. १९०७ साली फुंग्स्टने हे सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ह्यातली विशेष गोष्ट अशी, की मालक खोटारडा नव्हता आणि घोडाही. मालकाला वाटे, घोडा आकडे वाचतो आहे. घोडा वाचत होता तो माणसाचा चेहरा.

त्या कुरणात तसेच काहीसे चालले होते; फक्त चेहरा वाचणारा घोडा नव्हता. त्या स्त्रीला आम्ही फसवी म्हणणार नाही. आपण घोड्याचे ऐकतो आहोत असे तिला मनापासून वाटत असेल. पण ती बोलत होती ते बाईंच्या मनातले, बाईंना जे ऐकायचे होते ते. आणि हे ध्यानात येताच आमचीच मान खाली गेली. "ते शांतपणे गेले," असे किती घरांतून, काहीही न जाणता, समोरच्याची मुद्रा पाहून आम्ही सांगितले होते! आम्ही डॉलर घेतले नव्हते, इतकाच काय तो फरक.

मान खाली गेली म्हणून जमीन दिसली. मेजरच्या पायाशी सुक्या गवताचे ओले, अर्धवट चावलेले बोळे पडले होते. एक, दोन नव्हेत, पुष्कळ. आम्ही शेतकऱ्याच्या घरातले. आमच्या आजोबांपाशी गाडीचा एक बैल होता. त्याने वैरण टाकली की आजोबा आधी त्याचा जबडा उघडून पाहत; नजर लागली का, हे नंतर. आम्ही तबेल्यामागे गेलो आणि मुलाला ते बोळे दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "बाबा दर वर्षी ह्याचे दात घासून घ्यायचे. ह्या वर्षी कोणाच्या लक्षातच आलं नाही."

घोड्याचे दात वाढत्या वयातही हिरड्यांतून वर सरकत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे दाढांच्या कडा झिजायच्या राहतात, सुरीसारख्या धारदार होतात आणि गाल व जीभ कापतात. मग घास चावून होत नाही. तो तोंडातून गळून पडतो. पशुवैद्य कानस घेऊन त्या कडा घासतो. दुःखाने घास उतरत नाही असे जे सांगितले गेले, ते दुःख दाढेत होते आणि मेजर ते रोज जमिनीवर मांडून दाखवत होता.

त्याच जागी, गवताच्या भाऱ्यावर बसून, मुलाने आणखीही सांगितले. तो प्रायश्चित्त संस्कार नव्हता. असता तर ह्या ओळी आम्ही लिहिल्याच नसत्या. वडिलांनी त्या दिवशी दुपारी त्याला फोन करून गवताच्या गंजी रचायला बोलावले होते. "पुढच्या शनिवारी बघू," असे तो म्हणाला होता. "हे घोडे दिसले की मला तो शनिवार दिसतो, फादर. म्हणून विकायचे होते." आम्ही त्याला काहीही समजावले नाही. त्याच्याजवळ बसून राहिलो.

सायंकाळी ती स्त्री निघून गेल्यावर बाईंनी विचारले, "फादर, मी ते ऐकलं, पाप झालं का?" आम्ही म्हणालो, "दुःखाच्या भरात टेकायला जागा शोधलीत. मात्र पुन्हा तिकडे जाऊ नका. तिला ठाऊक नाही आणि आम्हांसही नाही." त्या गप्प झाल्या. मग आम्ही त्यांना जे विचारायला हवे होते आणि कोणीच विचारले नव्हते, ते विचारले, "तुम्ही तेथे पोहोचलात तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंत?"

त्या थांबत थांबत सांगू लागल्या. दाणापाण्याची वेळ टळून गेली होती. दोन्ही लहान घोडे तबेल्याच्या दारात येऊन पाय आपटत होते. मेजर मात्र आला नव्हता. तो यजमानांजवळ मान खाली घालून उभा होता आणि त्या अगदी जवळ गेल्या तेव्हाच बाजूला सरला. "म्हणजे," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज कापला, "ते एकटे नव्हते."

मेजर तेथे का उभा राहिला, हे कोणी सांगावे? घोड्याला माणसाचे मन कळते का, ह्याचा विद्वान आजही शोध घेत आहेत. २०१६ साली इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की रागावलेल्या माणसाचे नुसते छायाचित्र पाहूनही घोड्याच्या काळजाचे ठोके वाढतात. त्याच वर्षी नॉर्वेतील अभ्यासकांनी तेवीस घोड्यांना खुणांच्या पाट्या ओळखायला शिकवले. थंडीत पांघरूण हवे की नको, हे ते घोडे नाकाने पाटीला स्पर्श करून सांगू लागले. मुकी जनावरे सांगतात. पण ती सांगतात ते आपल्या थंडीविषयी, आपल्या दुखण्याविषयी.

बायबलमध्ये, गणना ह्या पुस्तकात, बलामाच्या गाढवीला वाचा फुटते. परमेश्वराने तिचे तोंड उघडले तेव्हा तिने भविष्य सांगितले नाही की परलोकीचे गुपित फोडले नाही. मला तीनदा का मारलेस, एवढाच तिचा प्रश्न होता. हा उतारा आम्ही कितीदा वाचला असेल! पण तिचे गाऱ्हाणे गाऱ्हाणे म्हणून आम्ही त्या कुरणातून परतल्यावरच वाचले.

आजोबांचा तो बैल म्हातारा झाला तेव्हा घरच्या अडचणीमुळे विकावा लागला. त्यानंतर कितीतरी दिवस ते तिन्हीसांजेला रिकाम्या गोठ्यात जाऊन उभे राहत. आम्ही मुले हसत असू. तो बैल काय म्हणाला असेल, हे त्यांनी कोणाला विचारले नाही. तो काय म्हणाला, हे बहुधा त्यांना ठाऊक होते.

आम्ही निघण्यापूर्वी पशुवैद्याने मेजरच्या दाढा घासल्या. त्याच्या गालाला आतून जखमा झाल्या होत्या. नाताळात बाईंचे पत्र आले. मेजरच्या बरगड्या बुजल्या आहेत, घोडे विकलेले नाहीत आणि मुलगा दर शनिवारी गवत रचायला येतो, असे त्यात होते. "त्या दीड तासाचे मला अजूनही कळलेले नाही," असे लिहून त्यांनी पुढे लिहिले होते, "पण आता झोप येते."

अलीकडे चर्चच्या आवारात कोणी तो जुना प्रश्न विचारला, तर आम्ही घाईने उत्तर देत नाही. "आम्हांस ठाऊक नाही," असे म्हणतो आणि बाकावर शेजारी जागा करून देतो. मग विचारतो, "तुम्ही काय पाहिलंत, सांगा." माणसे सांगू लागतात. ऐकायला पुष्कळ वेळ लागतो.