दोन कोंबडे आणि एक पहाट

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. काय करू नये, हे सांगणारा एकही भेटत नाही. तसा कोणी भेटला असता, तर मी कोंबड्या पाळल्या नसत्या.

डोंबिवलीचा ब्लॉक मुलाच्या ताब्यात देऊन मी मुरबाड तालुक्यात, धसईला, वडिलोपार्जित घरी येऊन राहिलो. थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, तिथे आधीपासून होतेच. दिवाळीनंतर ओढ्यापलीकडच्या मावशींकडून गावठी कोंबडीची आठ पिल्लं आणली. होळीपर्यंत उलगडा झाला: सहा तलंगा आणि दोन कोंबडे. लाल्या आणि कबऱ्या.

"दोन कशाला ठेवता?" मावशी म्हणाल्या. "आठ-धा कोंबड्यांना एक पुरतो. दोन झाले का मारामारी."

मला पटलं नाही. दोघे एकाच कोंबडीच्या पंखाखाली वाढलेले. सख्खे भाऊ कशाला भांडतील? यावर आमची ही नुसती हसली. त्याच सकाळी, पेपर आधी कोणी वाचायचा यावरून माझं आणि दादांचं वाजलं होतं.

उन्हाळ्यात त्यांचंही वाजलं. मानेची पिसं फुलवून दोघे समोरासमोर. लाल्याने कबऱ्याचा तुरा रक्तबंबाळ केला. दोघांच्या धसमुसळेपणात कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्या. एक बिचारी तर खुराड्याबाहेर यायलाच तयार नाही. लाल्याला डालग्याखाली कोंडला. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतंच, हे ठाऊक होतं. पण झाकलेलं कोंबडं आरवतंही, आणि तेही दुप्पट जोराने, हे म्हणीत आलेलं नाही.

पहाटे मात्र शिस्त होती. आधी लाल्या आरवायचा, मगच कबऱ्या. सुटीत आलेल्या नातवाने मोबाइलवर शोधून सांगितलं, की जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली हेच दाखवून दिलंय. पहिली बांग सगळ्यांत वरच्या मानाच्या कोंबड्याची, मग पायरीपायरीने बाकीचे. वरचा हलवला, की दुसरा पहिला होतो. घरातला पहिला चहा कोणाचा, हे पाहिलेल्या माणसाला याचं नवल ते काय!

एक कोंबडा काढायचा, हे ठरलं. दादांचं मत, थोरल्याचा मान राखावा, लाल्या ठेवावा. मी म्हटलं, "मारतो तो, आणि घर सोडायचं कबऱ्याने?" दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्यात गटारी चार दिवसांवर. अशा वेळी घराबाहेर पडलेला कोंबडा कुठे जातो, हे वेगळं सांगायला नको.

शेवटी मावशीच आल्या. त्यांचा कोंबडा मुंगसाने नेला होता. पैसे देऊ लागल्या. २०१६ च्या डिसेंबरात 'कॅशलेस' म्हणून गाजलेलं आमचं गाव! म्हटलं, रोकड नको, कार्ड नको; फक्त शब्द द्या, गटारीला कापणार नाही. त्यांनी दिला. दादा काही न बोलता उठले, लाल्याला स्वतःच्या काखेत घेतलं आणि भर पावसात पोचवून आले.

दुसऱ्या पहाटे मी चारलाच जागा. आज कबऱ्याचा दिवस! खुराड्यात हालचाल झाली. पण आवाज नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग ओढ्यापलीकडून, बारीक पण खणखणीत, लाल्याची बांग आली. आणि तिच्या पाठोपाठ आमचा कबऱ्या आरवला.

ओसरीवरून दादांचा आवाज आला, "ऐकलंस? तुझा कबऱ्या अजून दुसराच हं!"

मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.